पाण्यातले पोटभाडेकरू

एप्रिल २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात गळ टाकून बसलेल्या एका माणसाला मासा लागला. वर ओढून पाहतो तर धड माशाचं आणि तोंड मगरीचं. पुढच्याच महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना त्याचाच एक भाऊबंद हाती आला. बातम्यांतून 'रहस्यमय मासा' झळकला. रहस्य कसलं आलंय? तो होता ॲलिगेटर गार, राहणार उत्तर अमेरिका, मिसिसिपीचं खोरं. मिसिसिपीतून पोहत निघून भोपाळला पोचायचा जलमार्ग अजून तरी कुठल्या नकाशात नाही. असले मासे येतात ते फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून, तोंडाला रबर लावून. म्हणजे पिशवीच्या तोंडाला. स्वतःचं तोंड त्याने तेव्हा अजून उघडलेलं नसतं, कारण येताना तो असतो बोटाएवढा. पुढे तो सहा-सात फुटांपर्यंत वाढतो, ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

परक्या पाण्यात सापडणाऱ्या बहुतेक माशांची कथा अशीच आहे. मासा आपणहून दुसऱ्या खंडात जात नाही. त्याला कुणीतरी नेऊन ठेवलेलं असतं. पोटभाडेकरूचं जसं असतं, अगदी तसं. मूळ मालक म्हणजे नदी; तिला कुणी विचारत नाही. मधला भाडेकरू म्हणजे आपण. आपण परस्पर जागा देऊन मोकळे होतो. मग पोटभाडेकरू हातपाय पसरतो. (माशाला हातपाय नसतात, पण पसरताना ही अडचण त्याला कधी आलेली नाही.) आणि शेवटी 'कुठून आली ही ब्याद?' म्हणून सगळ्यात मोठ्यांदा ओरडतो तोही आपणच.

आता आपली चिलापीच घ्या. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला उतरलात की उजनीच्या पाण्यावर थंडीत फ्लेमिंगो येतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. सकाळी दुर्बीण, दुपारी चिलापी फ्राय, असा कार्यक्रम ठरलेला. ताटात आलेल्या चिलापीकडे बघून 'काय ताजी आहे, इथलीच ना?' असं विचारायचं आणि वाढप्याने 'इथलीच, सकाळची,' असं सांगायचं. दोघंही खरं बोलत असतात. फ्लेमिंगो दर वर्षी येऊन परत जातो, म्हणून तो पाहुणा. चिलापी मूळची आफ्रिकेतली. पण ती आली आणि गेलीच नाही, म्हणून ती भूमिकन्या.

चिलापी म्हणजे टिलापिया. तिचा प्रवास मोठा गमतीचा आहे. मोझांबिककडच्या नद्यांतला हा मासा १९३९ च्या सुमाराला जावा बेटाच्या किनाऱ्यावर मुजाइर नावाच्या गृहस्थाला सापडला. आफ्रिकेतून तो तिथे कसा पोचला, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता आलेलं नाही. मुजाइर यांनी मात्र चौकशीत वेळ न घालवता तो पाळायला सुरुवात केली. इंडोनेशियात या माशाला आजही 'मुजाइर'च म्हणतात. १९५२ मध्ये तो आपल्याकडे आणला गेला. देशात अन्नाची टंचाई होती. भराभर वाढणारा, काहीही खाणारा, कशाही पाण्यात जगणारा मासा कुणाला नको होता?

वाढला, खाल्लं, जगला. तिन्ही गोष्टी त्याने इतक्या मन लावून केल्या की १९५९ मध्ये, म्हणजे सात वर्षांतच, त्याचा प्रसार थांबवायचं ठरलं. पण चिलापीला परिपत्रक वाचता येत नव्हतं. आपल्या नद्यांतल्या बऱ्याच माशांचं वर्ष पावसाळ्यावर बेतलेलं असतं. पहिला पूर आला की वर चढायचं, अंडी सोडायची आणि पुढचं दैवावर सोपवायचं. चिलापीचा दैवावर विश्वास नाही. मादी अंडी तोंडात धरते आणि उबवते. पिल्लं बाहेर पडली तरी जरा कुठे सावली हलली की सगळी पलटण पुन्हा आईच्या तोंडात. इतके दिवस बिचारी जवळजवळ उपाशी असते. शिवाय वर्षातून एकदाच असा नेमही नाही. पाणी उबदार असलं की पुन्हा पुन्हा. इतक्या सोशीक माऊलीपुढे मनाई हुकमाचं काय चालणार?

मग शासनाने व्यवहारी तोडगा काढला. काही वर्षांपूर्वी सुधारित जातीच्या टिलापियाला परवानगी मिळाली, पण अटीवर. ती एकलिंगी हवी, म्हणजे तळ्यात सगळे नरच सोडायचे. म्हणजे प्रजाच नको. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्या बॅचलरांना जागा द्यायला तयार नसतात. मत्स्यखात्याची अट बरोबर उलटी, फक्त बॅचलर चालतील. देशात बॅचलरांसाठी राखीव असलेली एवढी मोठी वसाहत दुसरी नसावी.

तुम्ही म्हणाल, आम्ही चिलापी खातच नाही. आम्ही आपले देशी कटला-रोहूवाले. जरा थांबा. कटला, रोहू, मृगळ ही मंडळी देशी खरी, पण गंगेकडची. दख्खनच्या नद्यांत आणि धरणांत ती मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून आली. त्यांच्या जोडीला चीनकडचे चंदेरा आणि गवत्या आले, सायप्रिनस आला. आज राज्यातल्या कुठल्याही धरणावर ठेकेदाराला विचारा, काय सोडलंय? हीच नावं ऐकायला मिळतील. मरळ, वांब, शिंगाळा, खवली ही इथली मूळची घरं. ती आता 'मिळाली तर' या सदरात गेली आहेत.

बाजारातही तेच. पुण्याच्या मासळी बाजारात गोड्या पाण्याच्या ओट्यासमोर मी उभा होतो. बर्फावर ताटलीएवढे, चपटे, पोटाशी लालसर झाक असलेले मासे मांडले होते.

"ताई, हा कुठला?"

"रूपचंद. तळ्यातला पापलेट म्हणायचं याला. घ्या दादा, स्वस्तात पापलेट."

मी वाकून त्याचा जबडा जरा वर केला. आत दात. माशाला असतात तसे टोकदार नाहीत; चौकोनी, एकसारखे, नुकतीच कवळी बसवून घेतलेल्या निवृत्त हेडमास्तरांसारखे. मी बघतच राहिलो.

"दात काय बघताय? सोयरीक जुळवायचीय का?" ताईंनी कोयता उचलला. "सांगा, किती करू?"

सोयरीकच पाहायची तर रूपचंदचं घराणं तालेवार आहे. त्याचं खरं नाव पाकू, गाव ॲमेझॉन, आणि पिरान्हा हा त्याचा चुलतभाऊ. ॲमेझॉनला पूर आला की पाणी जंगलात शिरतं आणि त्याबरोबर पाकूही. झाडांवरून पडणारी फळं आणि टणक बिया फोडून खायच्या, म्हणून ते माणसासारखे दात. भाऊबंद मांसाहारासाठी जगभर बदनाम असताना हा फळाहाराकडे झुकला, ही त्याची थोरवीच म्हणायची. आपल्याकडे तळ्यात पडतात त्या खाद्याच्या गोळ्या. त्या फोडायला असल्या दातांची गरजही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला 'राज्य मासा' म्हणून घोषित केलं. समुद्रातल्या खऱ्या पापलेटला हा मान मिळाला खरा. पण त्याच्या नावावर ओट्यावर बसून गिऱ्हाईक कोण खेचतोय, हे तुम्ही बाजारात जाऊन बघा. हॉटेलात जाल तर फिश फिंगरच्या आत बहुधा बासा निघतो, तो मूळ मेकाँग नदीकडचा. म्हणजे मालवणी मसाला तेवढा आपला.

या सगळ्यांत खरा बिलंदर म्हणजे थाई मागूर. नाव थायलंडचं, मूळ आफ्रिकेचं, आणि उजनीच्या आसपासपासून ठाणे जिल्ह्यापर्यंत तळ्यांत हा चोरून पोसला जातो. मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, हा धडा याने वाचलेला नाही. तो हवेतला प्राणवायू घेतो आणि ओल्या रात्री एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात सरपटत जातो. खाण्याची तक्रार नाही. कोंबड्यांच्या दुकानातली घाण टाकली तरी वजन वाढतं, आणि सोबत असलेले दुसरे मासे तर त्याचं चालतंबोलतं जेवणच. २००० साली केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली. पुढे हरित लवादाचे आदेश आले आणि मत्स्यखात्याने तळीच्या तळी उपसून मासे नष्ट केले. पण ज्याला जमिनीवरून चालता येतं, त्याला हद्दपार करायचं म्हणजे तसा पेचच.

बरं, चालता येत नसलं तरी पूर आहेच. हिमाचलात १९७१ च्या पुरात एका मत्स्यबीज केंद्रातले चंदेरा मासे वाहून गोविंदसागर जलाशयात गेले. तिथे कटल्याचं राज्य होतं. काही वर्षांत चंदेराने त्याला बाजूला सारलं. २०१८ च्या केरळच्या महापुरात तर बंदिस्त तळ्यांतला अरापैमा बाहेर पडून चालक्कुडी नदीत सापडला. हाही ॲमेझॉनचाच, जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या माशांपैकी एक. पूर ओसरल्यावर घरात चिखल, साप आणि विंचू सापडतात, हे लोकांना ठाऊक होतं. ब्राझीलचा पाहुणा सापडेल, ही तयारी कुणाची असणार?

आता आरोग्यखात्याकडे वळू. १९२८ मध्ये डासांचा बंदोबस्त करायला गॅम्बुसिया भारतात आणला. हा मूळचा अमेरिकेचा, आला इटलीमार्गे. त्याच्याच वाटेने जाणारा दुसरा म्हणजे गप्पी, दक्षिण अमेरिकेकडचा. आपल्याकडे गप्पी मासे पैदास केंद्रं आहेत. मलेरिया-डेंग्यूची साथ आली की कारंजी, विहिरी, हौद आणि साठलेलं पाणी शोधून त्यात गप्पी सोडले जातात. डासांच्या अळ्या हे मासे खातात, यात खोटं काही नाही. पण अळ्या संपल्या की पुढे काय, याबद्दल कार्यालयीन टिपणीत काही नसतं. मग गॅम्बुसिया दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लं खातो. आपल्या ओढ्या-विहिरींत आधीपासून पिकू नावाचा मासा राहतो. डोक्यावर चकाकणारा ठिपका, पाण्याच्या वरच्या थरात फिरायचं आणि अळ्या टिपायच्या. पिढ्यान् पिढ्या तो हे काम बिनपगारी करत होता. पण जो इथलाच आहे आणि फुकट काम करतोय, त्याची दखल घ्यायची पद्धत आपल्या कुठल्या खात्यात आहे?

इथवर भूक झाली, रोगराई झाली. पण सगळ्यात जास्त पोटभाडेकरू आणले ते हौसेने आणि दयेने.

हौसेचं उदाहरण फ्लॉवरहॉर्न. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा मलेशियाकडे गेल्या शतकाच्या अखेरीस संकर करून तयार केला. त्याला मूळ गावच नाही. जगातली कुठलीही नदी त्याला परकी. टेंगूळ जितकं मोठं, तितकी लक्ष्मी प्रसन्न, असं सांगून तो महागात विकतात. टेंगूळ वाढतं. लक्ष्मी मासा विकणाऱ्याकडे जाते. काही दिवसांनी तो टाकीतल्या सोबत्यांना मारायला लागतो, आणि मग घरातला वास्तुदोष संध्याकाळच्या अंधारात जवळच्या तलावात नेऊन सोडला जातो.

दयेचं उदाहरण आमच्या सोसायटीतच घडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नातवासाठी मत्स्यपेटी आणली होती. काच स्वच्छ राहावी म्हणून दुकानदाराने एक सकर मासा दिला, दोन इंचांचा. नातवाने त्याचं नाव ठेवलं बंड्या. बंड्या काचेला तोंड लावून शेवाळ खायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो वाढत गेला. वर्षा-दोन वर्षांत पेटीत पाणी कमी आणि बंड्या जास्त, अशी वेळ आली. एका रविवारी सकाळी काका-काकू बादली घेऊन निघाले.

"नदीवर निघालोय," काका म्हणाले. "मोकळा करतो त्याला. मुक्या जिवाला किती दिवस कोंडायचं?"

"अहो, तो दक्षिण अमेरिकेतला आहे."

"तिथवर कुठे न्यायचा?" काकू म्हणाल्या. "मुठेत सोडू, जाईल तो बरोबर."

बंड्याला पाण्यात सोडून दोघांनी हात जोडले. बंड्याने मागे वळूनही पाहिलं नाही, एवढंच काकूंच्या मनाला लागलं.

बंड्या बरोबर जाणारच. सकर माशाच्या अंगावर हाडांच्या तकटांचं चिलखत असतं. त्याला गिळायची हिंमत इथल्या फार थोड्या जिवांत आहे. परांचे काटे इतके राठ की जाळ्यात सापडला तर जाळं फाटतं. अंडी घालायला तो काठ पोखरतो, म्हणजे बांधही ढासळतात. पाण्यातला प्राणवायू संपत आला की वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. मुठेचं सध्याचं पाणी पाहता हा गुण मोलाचा आहे. खरं तर या नदीत राहण्यासाठी लागणारी सगळी पात्रता त्याच्याकडेच आहे. २०२० मध्ये वाराणसीला गंगेत तो सापडला. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत त्याने ठाण मांडलंय. आंध्रात तर त्याला सैतान मासा म्हणतात. मच्छीमाराच्या दृष्टीने हिशोब सरळ आहे: जाळं फाटलं, मासा विकला जात नाही, दिवस वाया. काकांना पुण्य मिळालं असेल. त्याची किंमत खाली कुणीतरी भोई मोजतोय.

पण म्हणून आपण बिचारे आणि बाहेरचे मासे तेवढे दांडगे, असं रडगाणं गायचं कारण नाही. आपल्याकडच्या भाऊबंदांनीही बाहेर पराक्रम गाजवले आहेत. आपल्या मरळीचा चिनी चुलतभाऊ २००२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात निघाला. एका गृहस्थाने आजारी बहिणीसाठी सूप करायला न्यूयॉर्कहून दोन जिवंत मासे मागवले होते. मासे येईपर्यंत बहीण बरी झाली. माशांचा जीव वाचला, आणि तळ्याचा गेला. त्यांची पिल्लंच हजारावर निघाली. शेवटी सरकारला तळ्यात विष घालावं लागलं. वर्तमानपत्रांनी त्याला राक्षस ठरवलं. तेलंगणात किंवा विदर्भात हीच बातमी 'मरळ मुबलक' म्हणून आली असती आणि सरकार पोचायच्या आत तळं आटलं असतं. चंदेराचंही तेच. १९७० च्या दशकात तळ्यातलं शेवाळ खायला म्हणून अमेरिकेने तो नेला. तो मिसिसिपीत निसटला. मोटरबोटीचा आवाज आला की तो पाण्याबाहेर उड्या मारतो आणि लोकांची नाकं फोडतो. लोकांनी त्याला खावं म्हणून इलिनॉय राज्याने २०२२ मध्ये त्याचं नाव बदलून 'कोपी' ठेवलं. नाव बदललं की प्रश्न सुटतो, हा आपला शोध त्यांच्यापर्यंत पोचला म्हणायचा.

सगळ्यात अस्सल मराठी उदाहरण मात्र महाशीरचं. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरची नोंद केली आणि इथल्या लोकांच्या तोंडचं नाव तसंच शास्त्रात नेलं: 'खुद्री'. पुढे धरणं आणि सांडपाणी आलं, खुद्री कमी झाला. तो वाचावा म्हणून १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. काम खरोखर चांगलं झालं. इतकं चांगलं की पिल्लं दुसऱ्या राज्यांनाही दिली गेली आणि ती कावेरीत सोडली गेली. कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा महाशीर होता, केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला, माणसाच्या वजनाला पोचणारा. खुद्री तिथे फोफावला आणि कावेरीचा महाशीर मागे पडत गेला. त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. बारसं आणि आयसीयू एकाच साली. आपण इकडे परक्या माशांच्या नावाने बोटं मोडत असताना तिकडे कावेरीकाठी परका मासा म्हणजे पुण्याचा.

तेव्हा माशांची जात, प्रांत, दात काढण्यात अर्थ नाही. भुकेपोटी चिलापी, डासांपायी गॅम्बुसिया, लक्ष्मीसाठी फ्लॉवरहॉर्न, भूतदयेपोटी बंड्या, आणि संवर्धनासाठी खुद्री. हेतू एकाचाही वाईट नव्हता. नदीला विचारलं मात्र एकानेही नाही. आणि पाण्यातल्या पोटभाडेकरूवर बेदखलीचा दावा लावायला कुठलंच कोर्ट नाही. एकदा शिरला की शिरला.

म्हणून विनंती एवढीच. मत्स्यपेटीसाठी मासा घेताना तो दिसतो केवढा हे पाहू नका, वाढतो केवढा हे विचारा. नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, कुणा हौशी माणसाला द्या, पण नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. पुण्य मिळवायचे दुसरे पुष्कळ मार्ग आपल्या धर्मात सांगितले आहेत. मुठेत सोडलेला मासा मुठेत राहत नाही. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीतून पंढरपूरवरून कर्नाटकात जाऊन कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रातून थेट बंगालच्या उपसागराला.